पन्नाशीनंतरचें निराळें बिऱ्हाड

“निराळें बिऱ्हाड केलें” हे शब्द आपल्या एकत्र कुटुंबांतून कोणत्या स्वरांत उच्चारले जातात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. बोलणाराचा आवाज आपोआप खालीं येतो आणि ऐकणारा मनाशीं दोनच तर्क करतो: एक तर सासूसुनांचें बिनसलें असावें, नाहीं तर भावाभावांत वांटणीवरून कांहीं झालें असावें. भांडण न होतां, कोणाचा कोणावर राग नसतां, पन्नाशी उलटलेलें माणूस केवळ आपल्या इच्छेनें भरल्या घरांतून उठून दोन खोल्यांत एकटें राहावयास जाईल आणि तेथें सुखानें राहील, ही कल्पनाच आपल्यापैकीं पुष्कळांच्या मनांत शिरत नाहीं. आमच्याहि शिरली नव्हती. ती कशी शिरली, आणि तत्पूर्वीं आमच्या हातून कोणती चूक घडली, हें या महिन्यांत सांगावयाचें योजिलें आहे. गोष्ट घरचीच असल्यामुळें नांवें गाळलीं आहेत. परंतु ज्यांच्याविषयीं हा मजकूर आहे त्यांनीं तो वाचून छापण्यास संमति दिली आहे, एवढें आरंभींच नमूद करतों.

आमचें घर पुण्याच्या पेठेंतलें. जुना वाडा पाडून त्या जागीं इमारत उभी राहिली, तींत समोरासमोरचे दोन ब्लॉक आमच्या वांट्याला आले. दोहोंचीं दारें दिवसभर उघडीं असतात आणि स्वयंपाक एकच होतो. आई, आम्ही उभयतां, धाकटा भाऊ, त्याची पत्नी, दोघांचीं मिळून तीन मुलें, आणि थोरल्या वहिनी, अशीं नऊ पानें दोन्ही वेळां पडत. वहिनी या घरांत आल्या त्या चोवीसाव्या वर्षीं. एका शाळेंत त्या मराठी शिकवीत. दादा गेले तेव्हां त्यांचें वय सत्तेचाळीस होतें. पुढें मुलगा नोकरीनिमित्त बंगळूरला गेला. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली. वहिनी शाळा सांभाळून घर चालवीत राहिल्या. कोणाच्या गोळ्या जेवणापूर्वींच्या आणि कोणाच्या नंतरच्या, दुधाचा हिशेब कोठें लिहिला आहे, श्राद्धाचें सामान कोणत्या डब्यांत आहे, हें सारें त्यांच्या डोक्यांत असे. “वहिनींना विचारा” हें आमच्या घरांत सर्वांत अधिक वेळां उच्चारलें जाणारें वाक्य असावें.

आणि त्रेपन्नाव्या वर्षीं, एका रविवारीं जेवणें आटोपल्यावर, त्यांनीं सांगितलें, “कोथरूडच्या ब्लॉकमधला भाडेकरू गेला आहे. पुढच्या महिन्यापासून मी तेथें राहावयास जाणार.”

हा ब्लॉक दोन खोल्यांचा. दादांनीं नोकरींत असतांना घेतलेला. आम्हीं विचारलें, “आमचें कांहीं चुकलें का?” त्या म्हणाल्या, “मुळींच नाहीं.” “मग?” यावर त्यांनीं जें उत्तर दिलें तें आम्हांस अजून आठवतें. “भाऊजी, सकाळीं उठल्यावर आधीं कोणाचा चहा टाकावयाचा हें ठरवावें लागत नाहीं, असा दिवस कसा असतो तें मला ठाऊक नाहीं. माहेरींहि मी थोरलीच होतें. एवढेंच एकदां पाहावयाचें आहे.”

एवढें सरळ उत्तर मिळाल्यावर आम्हीं गप्प बसावयास हवें होतें. तसें झालें नाहीं. भाऊ गेला आणि भावजयीला घराबाहेर काढली असें लोक म्हणतील, घराण्याला बोल लागेल, मुलांच्या लग्नाच्या वेळीं लोक चौकशा करतील, असें बरेंच कांहीं आम्ही बोललों, आणि शेवटीं रागाच्या भरांत म्हणालों, “उद्यां तेथें एकट्या असतांना कांहीं कमीजास्त झालें, तर आम्हांला बोलावूं नका.” वहिनी उठून आंत गेल्या. धाकटी भावजय आमच्याकडे पाहत राहिली. ब्याऐंशी वर्षांची आई खुर्चींत बसून सारें ऐकत होती. ती एवढेंच म्हणाली, “तिला तो लहान कुकर द्या. मोठ्यांत वरण लावील तर चार दिवस उरेल.”

त्या वेळीं आम्हांस वाटलें, म्हातारपणीं आईला प्रसंगाचें गांभीर्य कळलें नाहीं. तें आमच्याहून तिला अधिक कळलें होतें, हें उमगावयास आम्हांस दोन वर्षें लागलीं.

या निमित्तानें आपल्याच परंपरेकडे थोडें पाहूं. घर सोडून निराळें राहावयाचें ही कल्पना कांहीं परदेशांतून आलेली नाहीं. चार आश्रमांतला तिसरा आश्रम तोच. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत गृहस्थानें घर केव्हां सोडावें याच्या खुणा दिल्या आहेत: अंगावर सुरकुत्या दिसूं लागल्या, केस पिकले आणि नातवंड झालें, म्हणजे त्यानें अरण्याचा रस्ता धरावा. त्याच ठिकाणीं पत्नीविषयींहि सांगितलें आहे. तिला मुलांच्या स्वाधीन करावें किंवा बरोबर न्यावें. म्हणजे जावयाचें कीं नाहीं हें ठरविणारा पुरुष. ती त्याच्यामागून जाणारी किंवा मुलांकडे राहणारी. तिचे केस पिकले, तिला नातवंड झालें, तर तिच्या मनांत काय येतें, हा प्रश्न तेथें आलेला नाहीं. आम्ही शास्त्राला दोष देण्यासाठीं हें लिहीत नाहीं. आमच्या पणजोबांनीं उतारवयांत काशीस जाऊन राहण्याचें मनांत घेतलें तेव्हां घरानें त्यांस विरक्त म्हटलें. वहिनींनीं कोथरूडास जाण्याचें मनांत घेतलें तेव्हां त्याच घरानें त्यांस हट्टी म्हटलें. ही विसंगति ध्यानांत यावी, एवढाच हेतु.

दुसरी गोष्ट आयुर्मानाची. हिंदुस्थान स्वतंत्र झाला त्या सुमारास येथील सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतें. आज तें ७० च्या घरांत गेलें आहे. त्या काळीं बालमृत्यु फार असल्यामुळें सरासरी खालीं येत असे, हें खरें. तरीहि पन्नाशी गांठणारीं माणसें तेव्हां आजच्या मानानें पुष्कळच थोडीं होतीं. आज पन्नाशीला पोंचलेल्या निरोगी स्त्रीपुढें पंचवीस-तीस वर्षें सहज असतात. शिवाय आपल्याकडे नवरा बायकोहून वयानें बहुधा मोठा असतो आणि स्त्रियांचें आयुष्य पुरुषांहून सरासरीनें कांहींसें अधिक असतें. तेव्हां त्या वर्षांपैकीं बरींच तिला एकटीनेंच काढावीं लागतात. हीं वर्षें म्हणजे जेवण झाल्यावरची बडीशेप नव्हे. तें आयुष्याचें एक पुरें तिसरें पान आहे. त्यावर काय वाढावयाचें हें जिचें तिनें ठरवावें कीं नाहीं?

कित्येकींनीं तें पूर्वींहि ठरविलें आहे. १८९२ सालीं जन्मलेल्या ताराबाई मोडक यांचा संसार फार पूर्वींच मागें पडला होता. भावनगरास गिजुभाई बधेका यांच्यासह त्यांनीं बालशिक्षणाचें काम केलें, मोठें नांव मिळविलें; आणि १९४५ सालीं, त्रेपन्नाव्या वर्षीं, त्या तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें खेड्यांतल्या मुलांसाठीं बालवाडी काढावयास गेल्या. मुलें शाळेंत येत नाहींत, तर शाळा त्यांच्या अंगणांत न्यावी, या त्यांच्या विचारांतून ‘अंगणवाडी’ निघाली. आज तो शब्द साऱ्या देशाच्या तोंडीं आहे. त्यांच्याबरोबर काम करावयास आलेल्या अनुताई वाघ या बालविधवा. ताराबाई १९७३ मध्यें वारल्या, त्यानंतर अनुताईंनीं कोसबाडच्या टेकडीवर तें काम १९९२ पर्यंत, म्हणजे आपल्या अखेरच्या वर्षापर्यंत, पुढें चालविलें. उलट उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचें. १९१९ सालीं रेव्हरंड टिळक वारले तेव्हां त्यांची पन्नाशी झालेली होती. ‘स्मृतिचित्रें’ त्यानंतरचीं, त्याचे भाग १९३४ पासून प्रसिद्ध झाले, आणि तीं लिहिलीं गेलीं तेव्हां त्या मुलासुनांच्या गोतावळ्यांत होत्या. तात्पर्य, उतारवयांतलें कर्तृत्व एकट्या खोलींतच फुलतें असें नव्हे. मात्र आपलें घर कोणतें आणि आपला वेळ कोणाचा, हें त्या तिघींनीं स्वतः ठरविलें होतें.

आतां वहिनींकडे वळूं. पहिले तीन महिने त्यांना जड गेले, हें त्यांनीं नंतर सांगितलें, तेव्हां सांगितलें असतें तर आम्ही “म्हटलें नव्हतें?” असें म्हटलें असतें. नऊ माणसांच्या अंदाजानें भाजी आणावयाची हाताची संवय सुटेना. एकटीसाठीं पोळ्या कोण लाटणार, म्हणून चहाबिस्किटांवर रात्र निघूं लागली आणि महिन्याभरांत अंगांतली शक्ति गेल्यासारखी वाटूं लागली. संध्याकाळीं दिवेलागणीची वेळ सर्वांत कठीण. पेठेंतल्या घरीं त्या वेळेस मुलांचा आरडाओरडा चाले, त्यानें डोकें उठे. आणि आतां त्याच्यावांचून डोकें उठूं लागलें. एकदां तर परत यावें असें ठरवून त्यांनीं पिशवीहि भरली होती.

मग त्यांनीं स्वतःस दोन नियम घालून घेतले. एक, ताट वाढून, पाट नसला तरी टेबलाशीं नीट बसून जेवावयाचें. उभ्यानें, पातेल्यांतून नाहीं. दुसरा, दिवेलागणीच्या वेळीं घरांत राहावयाचें नाहीं. या दुसऱ्या नियमानें त्यांचें आयुष्य बदललें. संध्याकाळीं कोठें जावयाचें याचा शोध घेतां घेतां त्या मोडी लिपि शिकूं लागल्या. १९१० सालीं स्थापन झालेलें भारत इतिहास संशोधक मंडळ पुण्यांतच आहे, आणि मोडी शिकविण्याची परंपरा या शहरांत अद्याप जिवंत आहे. तीस वर्षें मुलांच्या वह्यांतले ऱ्हस्वदीर्घ लाल शाईनें दुरुस्त केलेल्या या बाईंना पहिल्याच आठवड्यांत कळलें कीं, मोडींत इकार-उकाराचा ऱ्हस्वदीर्घ भेदच पाळीत नाहींत. “भाऊजी, माझा अर्धा जन्म फुकट गेला कीं हो!” असें सांगून त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हंसल्या. इतक्या मोठ्यानें हंसतांना आम्हीं त्यांना आमच्या घरांत कधीं पाहिलें नव्हतें. पुण्याच्या पेशवे दप्तरांत मोडी कागद कोट्यवधि आहेत आणि ते वाचणारीं माणसें फार थोडीं. आज वहिनींकडे लोक आपल्या पणजोबांचीं खतें, गहाणपत्रें, देवस्थानच्या सनदा घेऊन येतात. त्या वाचून देतात, देवनागरींत उतरून देतात, माफक मोबदला घेतात. आणि ज्याला देणें शक्य नाहीं त्याच्याकडून घेत नाहींत.

हें सारें चालू असतांना आमचें त्यांच्याकडे जाणें सणावारापुरतें होतें. अढी कांहीं गेली नव्हती. तिसऱ्या पावसाळ्यांत एके सायंकाळीं गॅलरींत सांचलेल्या पाण्यावरून त्यांचा पाय घसरला आणि पडतांना उजवा हात टेंकला. मनगट सुजलें. त्यांनीं ओढणीनें हात गळ्यांत बांधला, रात्र बसून काढली, सकाळीं रिक्षा करून दवाखान्यांत गेल्या, प्लास्टर घालून घेतलें आणि डाव्या हातानें कुलूप उघडून घरीं आल्या. आम्हांस तें कळलें तिसऱ्या दिवशीं, तेंहि नाशिकहून पुतणीच्या फोनवरून.

आम्ही धांवत गेलों. दारांतच विचारलें, “वहिनी, एक फोन करावयाचा नाहीं का?” त्यांच्या चेहऱ्यावर ना राग होता, ना टोमणा. त्या इतकेंच म्हणाल्या, “भाऊजी, तुम्हींच म्हटलें होतें.”

वाचकहो, आम्ही या सदरांतून कित्येक वर्षें इतरांस शहाणपण सांगत आलों. त्या दिवशीं त्या दोन खोल्यांत आम्हांस बसावयासहि जागा पुरेना. आमचें एक वाक्य, जें आम्ही दुसऱ्याच दिवशीं विसरलों होतों, तें त्या बाईंनीं दोन वर्षें जपून ठेविलें होतें. आणि मोडलेला हात मांडीवर घेऊन सबंध रात्र त्याच्याशीं इमान राखलें होतें. एकटें राहण्यानें माणूस संकटांत पडतें अशी आमची समजूत होती. वहिनी पडल्या पाण्यामुळें. पेठेंतल्या घरीं पडल्या असत्या तरी मनगट मोडलेंच असतें. परंतु ती रात्र त्यांना एकटीनें काढावी लागली, ती आमच्यामुळें. घरानें मागचें दार लावून घेतलें होतें, आणि कडी आमच्या हातानें लागली होती.

आम्हीं क्षमा मागितली. धाकट्या दिरानें थोरल्या भावजयीची क्षमा मागावयाची, यांत कमीपणा वाटण्याइतकेंहि आमच्याजवळ कांहीं उरलें नव्हतें. त्या म्हणाल्या, “बसा आतां. चहा मात्र तुम्हांलाच करावा लागेल.” त्या स्वयंपाकघरांत डबे सांपडावयास आम्हांस दहा मिनिटें लागलीं. साखरेच्या डब्याशेजारीं आईनें दिलेला लहान कुकर होता. वापरून वापरून त्याची मूठ बदललेली.

त्यानंतर आम्ही दोघांनीं बसून जी व्यवस्था केली ती येथें देतों. कोणास तरी उपयोगीं पडेल. सकाळीं आठच्या आंत वहिनींकडून घरच्या मोबाईल-गटावर एक शब्द येतो. न आल्यास साडेआठला फोन, आणि तोहि न उचलल्यास खालच्या मजल्यावरचे शेजारी वर जातात. किल्लीची एक जोडी त्यांच्याकडे व एक आमच्याकडे आहे. न्हाणीघराला आंतून कडी न लावण्याची त्यांनीं संवय केली. भिंतीला धरावयास दांडा बसविला. गॅलरींतल्या पाण्याला वाट करून दिली. मोबाईल झोपतांना उशाशीं असतो. तींत ११२ हा तातडीच्या मदतीचा आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक आहेच, शिवाय रक्तगट, चालू औषधें व डॉक्टरांचा क्रमांक लिहिलेला कागद कपाटाच्या दारावर आंतून चिकटविला आहे. हें सगळें करावयास एक रविवार पुरला. दोन वर्षांपूर्वीं तो रविवार आम्हीं भांडणांत घालविला होता.

मनगटाविषयीं डॉक्टरांनीं जें सांगितलें तें प्रत्येक घरांतल्या पन्नाशीच्या स्त्रीनें ऐकावें असें आहे. पाळी गेल्यावर शरीरांतील इस्ट्रोजेन कमी होतें आणि पहिल्या कांहीं वर्षांत हाडें झपाट्यानें विरळ होऊं लागतात. बाहेरून कांहीं दिसत नाहीं. साध्या पडण्यानें मनगट मोडलें कीं तेव्हां प्रथम कळतें. म्हणून तो मोड नुसता जुळवून भागत नाहीं. हाडांची घनता मोजणारी डेक्सा नांवाची तपासणी करून घेऊन पुढील उपाय डॉक्टरांच्या सल्ल्यानें करावे लागतात. त्याबरोबरच स्नायु क्षीण होत जातात, आणि नुसतें चालणें त्याला पुरेसें नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० मध्यें प्रौढांस आठवड्याला निदान १५० मिनिटें मध्यम व्यायाम आणि त्याशिवाय दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असा व्यायाम सांगितला आहे. वहिनी आतां आठवड्यांतून दोनदां जिन्याच्या पायऱ्या, खुर्चीवरून हात न टेंकतां उठबस आणि दोन लिटर पाण्याच्या बाटल्या यांवर तो भागवितात. एकटें राहणाराचें जेवण पिठूळ होत जातें, भात, पोहे, बिस्किटें. म्हणून डाळ, उसळ, दूध-दही रोज पोटांत जातें कीं नाहीं याकडे मुद्दाम लक्ष द्यावें लागतें.

पैशाचें आणि कायद्याचेंहि दोन शब्दांत सांगतों, कारण स्वतंत्र राहण्याचा पाया भावना नव्हे, छप्पर आहे. पूर्वीं एकत्र कुटुंबांतल्या विधवेला अन्नवस्त्राचाच काय तो हक्क असे. १९३७ च्या कायद्यानें तिला पतीचा हिस्सा मिळूं लागला, परंतु हयातीपुरता. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें ती पूर्ण मालक झाली. आणि २००५ च्या दुरुस्तीनें मुलगीहि वडिलोपार्जित एकत्र मिळकतींत मुलाप्रमाणें सहहिस्सेदार ठरली. दादांनीं मृत्युपत्र केलें नव्हतें. अशा वेळीं वारस पत्नी, मुलें आणि मृताची आईहि; सर्वांचा हिस्सा सारखा. हें पुष्कळांना ठाऊक नसतें, आम्हांसहि नव्हतें. मुलानें, मुलीनें आणि आईनें वहिनींच्या नांवें हक्कसोडपत्र करून दिलें तेव्हां तो ब्लॉक सर्वस्वीं त्यांचा झाला. नोंदणी कचेरींत आईनें सही केली आणि विचारलें, “झालें ना? आतां तिला कोणी ऊठ म्हणणार नाहीं ना?” आमच्या आईला साऱ्या जन्मांत स्वतःची अशी एक खोली नव्हती, हें त्या प्रश्नानें आम्हांस प्रथम जाणवलें.

मृत्युपत्र मात्र प्रत्येकीनें करावेंच. आजच्या कायद्याप्रमाणें निपुत्रिक विधवा मृत्युपत्रावांचून वारली, तर तिनें स्वतःच्या मिळकतींतून घेतलेलें घरहि तिच्या आईबापांच्या आधीं पतीच्या वारसांकडे जातें. मग तिची देखभाल कोणीं कां केली असेना. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ज्यांना कांहीं मिळावयाचें आहे ते साक्षीदार नसावे हें बरें. नोंदणी सक्तीची नाहीं, तरी केलेली चांगली. बँकेंत किंवा सोसायटींत नामनिर्देशन केलें म्हणजे वारसा ठरला असें नव्हे. तो मनुष्य बहुधा पैसे स्वीकारण्यापुरताच असतो. साठी पूर्ण झाल्यावर ज्येष्ठ नागरिकांच्या सरकारी बचत योजनेंत ठेव ठेवतां येते. तिची मर्यादा २०२३ पासून ३० लाख रुपये आहे. आरोग्यविमा मात्र साठीपर्यंत थांबून घेऊं नये. पन्नाशींत, प्रकृति धड असतांना, घ्यावा.

आतां एकत्र कुटुंबांतल्या वडीलधाऱ्यांस दोन शब्द. वहिनींचें उदाहरण देऊन सर्वांनीं निराळें राहावें असें आम्ही सुचवीत नाहीं. ज्याची प्रकृति ढांसळलेली आहे, ज्याला विसर पडूं लागला आहे, किंवा ज्याचा जीवच माणसांत रमतो, त्यानें एकटें राहण्याचा हट्ट धरूं नये. आणि मुलें परदेशीं निघून गेल्यामुळें मोठ्या घरांत जीं म्हातारीं माणसें मागें राहिलीं आहेत, त्यांची गोष्ट अगदीं निराळी. त्यांनीं एकटेपण पत्करलेलें नाहीं, तें त्यांच्यावर येऊन पडलें आहे. २०२३ च्या नोव्हेंबरांत जागतिक आरोग्य संघटनेनें माणसांच्या परस्परसंबंधांविषयीं एक आयोग नेमला, तो अशाच दुराव्याचे प्रकृतीवर होणारे परिणाम गंभीर आहेत म्हणून. परंतु तसा दुरावा नऊ पानांच्या पंक्तींतहि असूं शकतो. वहिनी आमच्या घरांत असतांना आम्ही त्यांना दिवसांतून वीस वेळां हांक मारीत असूं, आणि वीसही वेळां कांहीं तरी हवें म्हणून. त्यांना आज काय वाचावेंसें वाटतें, असें एकदांहि कोणी विचारलें नव्हतें.

तेव्हां आपल्या घरांतलें कोणी उद्यां असा विचार बोलून दाखवील, तर तो घराचा अपमान समजूं नका. आधीं ऐकून घ्या. छपराची, पैशाची, प्रकृतीची व्यवस्था नीट आहे ना एवढें विचारा, आणि तींत उणें असेल तें भरून द्या. राहून पाहावयास सहा महिने द्या, परत यावेंसें वाटलें तर “म्हटलें नव्हतें?” हे शब्द कोणाच्या तोंडून निघणार नाहींत असें आधींच ठरवा. आणि कांहीं झालें तरी, आम्ही जें बोललों तें बोलूं नका. रागाच्या भरांतला शब्द बोलणारा विसरतो; ऐकणारा त्याप्रमाणें वागतो.

वहिनी यंदा अठ्ठावन्न वर्षांच्या झाल्या आणि शाळेंतून निवृत्त झाल्या. दर गुरुवारीं त्या पेठेंत येतात. आईजवळ बसून तिला आठवड्यांत वाचलेलें एखादें जुनें पत्र वाचून दाखवितात. कोण्या तरी अठराव्या शतकांतल्या सुनेनें माहेरीं काय मागविलें होतें, हें ऐकतांना आईला फार मौज वाटते. जेवून, मुलांचे दोन-चार निबंध तपासून, साडेआठच्या सुमारास त्या निघतात. पूर्वीं त्या निघाल्या कीं आम्हांस उगाच अपराध्यासारखें वाटे. आतां आम्ही त्यांना रिक्षापर्यंत पोंचवावयास जातों, आणि नऊच्या सुमारास “पोंचलें” एवढा शब्द आला कीं दोन्ही ब्लॉकचीं दारें लावून घेतों.